पंतप्रधानांचे फुगे

कमळीआत्या चिंचोटीहून आली ती भांडायच्या तयारीनेच. चपला दारात काढल्या, माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायली, आणि वड्यांचं पीठ मळत बसलेल्या संजनासमोर येऊन उभी राहिली.

"किती मानसं येनार हायेत?"

"दोघं. मुलगा आणि त्याची आई."

"बैठकीला दोघं? ना काका, ना मामा?"

"इतक्या लांबून आणखी कोण येणार, ताई? ती बिचारी एकटी दोन विमानं बदलून आलीय."

कमळीआत्याने पदर खोचला आणि न सांगता नारळ खोवायला घेतला. नणंदेचं हे असंच असे. तोंडाने विरोध चालू आणि हाताने काम चालू. संजनाला तीस वर्षांत त्याची सवय झाली होती. पण आजची गोष्ट वेगळी होती. आज लेकीचं, ज्ञानदाचं लग्न ठरायचं होतं किंवा मोडायचं होतं.

गणपतीत ज्ञानदाने घरात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आत्या आरतीचं ताट खाली ठेवून उठून गेली होती. मुलगा आफ्रिकेतला, न्यासोला नावाच्या देशातला. नाव एझेकिएल. पुण्यात औषधशास्त्र शिकला, आता बोईसरच्या ज्या कारखान्यात ज्ञानदा नोकरीला होती तिथेच प्रयोगशाळेत होता. त्याचे आजोबा, आईचे वडील, त्या देशाचे पहिले पंतप्रधान. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मात्र ज्ञानदाच्या बापाचा, धनेशचा, नूर पालटला. आधी तो "बघू, बघू" म्हणत होता. दुसऱ्या दिवशी वसई रोडच्या रिक्षास्टँडवर सगळ्यांना माहीत होतं की उमेळ्याच्या धनेशची मुलगी पंतप्रधानांच्या घरात चालली आहे.

एकटे धर्माबाबा काही बोलले नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे. घरात अजूनही त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. सगळं ऐकून घेऊन ते इतकंच म्हणाले होते, "आईला बोलवा त्याच्या. मी बघतो." आणि वाडीत निघून गेले होते. वाडी म्हणजे आता केळीच्या चार ओळी आणि थोडे माड. बाकीच्या जागेवर सोळा मजले उभे राहिले होते आणि दुपारनंतर त्यांची सावली केळींवर पडायची.

"पोरगा काळा हाय," आत्या खोवणीवरून मान न उचलता म्हणाली.

"आपण तरी कुठे गोरे आहोत?"

"आपल्या काळ्याला आपन सावळा म्हनतो. त्याला कोन सावळा म्हननार? स्टेशनात उभे राहिले तर लोक वळून बघतील दोघांकडे. ते पोरीला रोज सोसायला लागेल. तुला कळतंय का?"

संजनाला कळत होतं. या एका गोष्टीत आत्या खोटं बोलत नव्हती. म्हणून ती पीठ उगाचच जास्त मळत राहिली.

"आनि दुसरं," आत्याने आवाज खाली आणला. "मोठ्या घरचं सांगतोयस, असं मी धनेशला बोलले. मोठेपना चढतो तेव्हा पुरुषांच्या डोक्यावर चढतो. उतरतो ना, तेव्हा घरातल्या पोरींच्या डोक्यावर उतरतो."

हे तिने कुठून आणलं, हे तेव्हा संजनाच्या लक्षात आलं नाही.

पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला शेजारचा शेल्डन गाडी घेऊन गेला होता. त्याची आई बेलाबाई कुंपणाच्या फाटकातून टोपलीभर पाव घेऊन आली. तीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली होती आणि आज तिला खास काम दिलेलं होतं. झालं असं, की ज्ञानदा म्हणाली होती, "आईंचं बोलणं मी सांगेन ना मराठीत." त्यावर धर्माबाबांनी मान हलवली होती.

"मुलगा-मुलगीनं दुभाषा व्हायचं नाय. मधल्यामध्ये साखर घालून सांगाल. बेलाला बोलवा."

गाडी आली. पुढच्या दारातून एझेकिएल उतरला. उंच, शिडशिडीत, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागच्या दारातून त्याची आई उतरली. रूथबाई सत्तरीच्या जवळच्या होत्या, डोक्याला निळं फडकं छान गुंडाळलेलं, अंगभर पिवळ्या फुलांचा झगा. पायरीवर धर्माबाबा उभे होते. त्यांना पाहताच बाईंनी दोन्ही गुडघे वाकवले, दोन्ही हात एकावर एक ठेवले आणि मान खाली घातली. सूनसुद्धा आता सणालाच वाकते अशा घरात हे इतकं अनपेक्षित होतं, की बाबांनी आशीर्वादाला हात उचलला आणि तो तसाच अर्धवट हवेत राहिला.

"नमस्कार आजोबा," एझेकिएल म्हणाला. "आपली प्रकृती कशी आहे? आम्हांस येण्यास किंचित विलंब झाला, त्याबद्दल क्षमस्व."

दारातले सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"हा बातम्या देतो का काय?" कमळीआत्या संजनाच्या कानात म्हणाली, पण तिचा कानातला आवाजही अंगणभर ऐकू जायचा. पहिला हसला तो एझेकिएल.

"माझ्या पुण्याच्या घरमालकीणबाई अशाच बोलायच्या, आत्या. मी त्यांच्याकडूनच शिकलो. तुमच्यासारखं बोलायला अजून जमत नाही."

"जमेल," आत्या फटकन म्हणून गेली, आणि मग आपण असं का म्हटलं म्हणून स्वतःवरच चिडून आत गेली.

सगळे बाहेरच्या खोलीत बसले. बाबा खुर्चीवर, रूथबाई त्यांच्या समोर, मध्ये बेलाबाई. ज्ञानदा स्वयंपाकघराच्या दारात, तिच्या मागे संजना. धनेशने पाहुणीला आधी पंखा, मग उशी, मग दुसरी उशी दिली, आणि शेवटी बाबा त्याला "बस रे एका जागी" म्हणाले तेव्हा तो बसला.

"बेला, त्यांना विचार," बाबा म्हणाले. "तुमचे वडील पंतप्रधान होते असं ऐकतो. आमच्यात स्थळ आलं का घरानं विचारतात. तर सुरवातीपासनं सांगा. घाई नाय."

बेलाबाईने विचारलं. रूथबाईंनी आधी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, जणू वर्गात हजेरी घेतायत. त्याही शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, हे ज्ञानदाने आधीच सांगितलं होतं. मग त्या सांगू लागल्या, आणि बेलाबाई एकेक वाक्य मराठीत करू लागली.

"माझे वडील दानिएल मुतोंबे. मोठ्या तळ्याच्या काठावर कोळ्यांचं गाव आहे, तिथले. त्यांची आई मासे सुकवून विकायची."

"सुकी मासळी?" बाबा पुढे सरकले. "म्हनजे आपल्या नायगावच्या कोळनीसारखं?"

"तसंच. मिशनच्या शाळेत शिकले, मास्तर झाले. मग मास्तरकी सोडून रेल्वेत कारकून झाले, कारण रेल्वेत पगार बरा होता आणि त्यांना चांगले बूट घालायची हौस होती."

बाबांनी आपल्या अनवाणी पायांकडे एक नजर टाकली आणि मान डोलावली. पुढे सांगा.

रेल्वेत गोऱ्या हमालाला एक मजुरी आणि काळ्याला तिच्या निम्मी. मुतोंब्यांनी संप केला. गाड्या बंद पडल्या, इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. बाहेर आले तेव्हा फाटकापाशी इतकी माणसं जमली होती, की परत आत जावंसं वाटलं, असं ते सांगायचे. मग पक्ष काढला, गावोगाव हिंडले, आणि शेवटी इंग्रजांनी झेंडा उतरवला. त्या समारंभाला त्यांच्याकडे कोट नव्हता. मेहुण्याचा आणला, तर त्याच्या बाह्या तोकड्या. म्हणून ते हात मागे बांधून उभे राहिले.

"आमच्याकडे शाळेच्या प्रत्येक पुस्तकात तो फोटो आहे," बेलाबाई हसू दाबत सांगत होती. "मुलांना शिकवतात, पाहा, पंतप्रधान किती रुबाबात हात मागे बांधून उभे आहेत. मी मुख्याध्यापिका असताना मीसुद्धा तेच शिकवलं. बापाचं गुपित कसं फोडणार?"

धनेश मोठ्याने हसला. ज्ञानदाने ही गोष्ट आधी ऐकलेली असणार, तरी तीही हसली. संजनाने पाहिलं, मुलगी हसताना एझेकिएलकडे बघत होती आणि तो आईकडे.

"पंतप्रधान किती वर्षं होते?"

"तीन वर्षं. शाळा काढल्या, तळ्यापासून राजधानीपर्यंत रस्ता केला. चांगले होते, पण हट्टी होते. कोणाचं ऐकायचे नाहीत. माझी आई सांगायची, संरक्षणमंत्र्यावर विश्वास ठेवू नका, तो जेवताना तुमच्याकडे बघत नाही. त्यांनी ऐकलं नाही. एका नातेवाइकाच्या लग्नात नाचत होते. त्यांना नाचायला फार आवडायचं. तिथे सैनिक आले. वडील म्हणाले, गाणं संपू द्या. ते थांबले. गाणं संपलं आणि त्यांना घेऊन गेले."

धर्माबाबांनी खुर्ची पुढे ओढली. बोलले तेव्हा आवाज बदललेला होता.

"बेला, नीट विचार त्यांना. मी या गावचा सरपंच होतो. पंतप्रधानासमोर सरपंच म्हंजे कायच नाय, पन खुर्ची ती खुर्ची. माझ्या चुलतभावानं, शत्रुघ्ननं, अविश्वास ठराव आनला आनि मला उतरवलं. मला माझं विचारायचं नाय. मला हे विचारायचं हाय, त्यांच्या वडिलांना नेलं, त्या दिवशी घरातल्या बायका-पोरांचं काय झालं? त्या घरानं त्यांना सांभाळलं का वाऱ्यावर सोडलं? माझी नात त्या घरात जानार. मला तेवढंच कळायला पायजे."

बेलाबाई प्रश्न इंग्रजीत करायला लागली. तो पुरा व्हायच्या आधीच दारातून आवाज आला.

"त्यांना कशाला विचारता, बाबा? मला विचारा की."

कमळीआत्या. हातात खोवलेल्या नारळाची वाटी, कपाळावर घाम.

"तुमची खुर्ची गेली तेव्हा माझं काय झालं? माझी सुपारी फुटली होती. आठवड्यात त्यांचा मानूस आला. म्हने मुलाला आत्ता लग्न करायचं नाय. महिन्यात त्यानं दुसरीशी केलं. गावात विहिरीवर गेले तर बायका गप व्हायच्या. तुम्ही वर्षभर घराबाहेर पडला नाय. मी पडत होते. पानी कोन आननार?"

"ताई," धनेश म्हणाला. "पन्नास वर्षांपूर्वीचं—"

"तू तेव्हा पाळन्यात होतास. तू गप."

संजनाने आपल्या नणंदेला इतकं बोलताना अनेकदा पाहिलं होतं, पण असं बोलताना कधी नाही. चिंचोटीचे भावोजी किती चांगले निघाले, आत्याचा संसार किती सुखाचा झाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आधीचं कोणी कधी काढलं नव्हतं.

बाबांनी खुर्चीचा दांडा धरला. "कमळे, मला वाटलं, तू विसरलीस."

"विसरले व्हते. ह्या बाई बोलाय लागल्या नि आठवलं."

बेलाबाईला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिने हे सगळं हळूहळू इंग्रजीत सांगून टाकलं. रूथबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या उठल्या, खोली ओलांडून दारापाशी गेल्या, आत्याच्या हातातली वाटी काढून संजनाकडे दिली आणि आत्याचे नारळाने माखलेले हात आपल्या हातात घेतले. एक वाक्य बोलल्या.

"काय म्हनाल्या?" आत्याने विचारलं.

बेलाबाईने चष्मा पुसला. "म्हणाल्या, मी नऊ वर्षांची होते. माझ्याबरोबर शाळेत कोणी डबा खायचं नाही."

आत्या दारालगतच्या बाकावर बसली. मग सरकून शेजारी जागा केली. रूथबाई तिथेच बसल्या, खुर्चीवर परत गेल्या नाहीत, आणि पुढचं सगळं तिथूनच सांगितलं.

सरकारी बंगल्यातून त्यांना एका ट्रकात बसवून बाहेर काढलं. मोठमोठे नातेवाईक दार उघडेनात. शेवटी आजीने, त्या मासे विकणाऱ्या आजीने, सगळ्यांना तळ्याकाठी नेलं. "माझा मुलगा पंतप्रधान व्हायच्या आधीही तू माझी सून होतीस," असं ती म्हणाली. मुलगा तुरुंगात होता तोवर तिने सुनेला एका शब्दाने दुखावलं नाही. सून, म्हणजे रूथबाईंची आई, तुरुंगाच्या फाटकापाशी पिठाचे गोड गोळे तळून विकायची. पहारेकरी गिऱ्हाईक झाले, म्हणून नवऱ्याची खुशाली कळायची.

"गोड गोळे म्हणजे," बेलाबाई भान विसरून म्हणाली, "आपले फुगे! आम्ही लग्नात करतो ना, तळून टम्म फुगतात ते! अगदी तेच!"

"मग सुटले कधी?" आता आत्याच विचारत होती.

"आठ वर्षांनी. सगळ्यांना वाटलं, आता परत राजकारणात जाणार. नव्या सरकारने परदेशात राजदूत म्हणून पाठवतो असं सांगितलं. वडील घरी आले, आईला विचारलं, तुला काय हवंय? आई म्हणाली, मला मास्तरीण व्हायचंय, पण कॉलेज दोन वर्षांचं आहे आणि फुग्यांची गाडी कोण चालवणार?"

"मग?"

"मग ते म्हणाले, मी."

"काय मी?" धनेशला कळेना.

"वडिलांनी दोन वर्षं बसस्टँडवर फुगे तळले. पहिल्या दिवशी अख्खा जिल्हा बघायला आला. रांग लागली. माजी पंतप्रधान फुगे तळतायत! तिसऱ्या दिवशी त्याच रांगेतल्या बाया म्हणायला लागल्या, मुतोंबे, साखर कमी आहे. आठव्या दिवशी म्हणाल्या, तुमची बायको बरी तळायची."

धर्माबाबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. सरपंचकी गेल्यापासून या माणसाला इतकं हसताना कोणी पाहिलं नव्हतं आणि संजनाने तर कधीच नाही.

"मग शिकले का नीट तळायला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कधीच नाही," एझेकिएल म्हणाला. पुस्तकी मराठी कुठेतरी गळून पडली होती. "मी लहान असताना रविवारी तेच करायचे, आजोबा. बाहेरून करपलेले, आतून कच्चे. आजी शाळेतून निवृत्त झाली तरी त्यांनी कढई सोडली नाही. आम्हांला ते खावेच लागायचे."

बाबांनी डोळे पुसले. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी धनेशकडे पाहिलं, तर तो केव्हाच होकारार्थी मान हलवत बसला होता. आत्याकडे पाहिलं, तर तिने रूथबाईंचा हात अजून सोडला नव्हता. मग बाबा म्हणाले, "झालं तर. माझी ना नाय. आता—"

"बाबा, थांबा."

आपलाच आवाज आहे हे संजनाला एका क्षणाने कळलं. नारळाची वाटी अजून तिच्या हातात होती.

"सगळ्यांनी बोलून झालं. मला कोणी विचारलंच नाही. मुलगी माझी आहे."

धनेशने घसा खाकरला. ज्ञानदा श्वास रोखून आईकडे बघत राहिली. तीस वर्षांत संजनाने सासऱ्यांना मध्येच थांबवलं नव्हतं. बाबांची भुवई वर गेली, आणि मग हळूच खाली आली.

"खरं हाय," ते म्हणाले. "चुकलंच आमचं. बोल, संजना. तुझं काय?"

आता बोलायची वेळ आली तर संजनाने वाटी दोन्ही हातांनी धरली. वेगळं काही बोलायचं ठरवलेलं नव्हतंच.

"अजून दोन वर्षांनी ती दोघं तिकडे जाणार. त्याला तिकडे औषधांचा कारखाना काढायचाय. लांब जाईल. मला रडू येईल, आणि मी रडेन, त्याचं कोणी काही करायचं नाही. पण मुलगा चांगला आहे. आणि ही बाई मला आवडली." ती थांबली. "माझा होकार आहे. आता वाटा साखर."

ज्ञानदा धावत येऊन आईच्या गळ्यात पडली, वाटीतला अर्धा नारळ दोघींच्या अंगावर सांडला. "आता साखरेत नारळ घालून वाटा," बेलाबाई ओरडली. धनेश फोन घेऊन अंगणात गेला आणि त्याचा पहिला फोन कोणाला असेल हे सगळ्यांना माहीत होतं. रिक्षास्टँडवर.

जेवणं झाली. वडे कमी पडले, कारण आत्याने रूथबाईंना वाढलेच इतके. कोर्टात लग्न, मग चर्चमध्ये आशीर्वाद, मग वाडीत मांडव, असं बेलाबाई आणि आत्या यांनी आपसांत ठरवूनही टाकलं. मुलामुलीला फक्त तारीख विचारली.

संजना भांडी आवरायला मागच्या ओट्यावर आली, तेव्हा तिला केळीत कोणी बोलताना ऐकू आलं. धर्माबाबा रूथबाईंना वाडी दाखवायला घेऊन गेले होते, बेलाबाईला न घेता. बाबा उमेळ्याच्या बोलीत बोलत होते. रूथबाईंनीही इंग्रजी सोडून दिलं होतं आणि त्या आपल्या तळ्याकाठच्या भाषेत बोलत होत्या. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही थांबत नव्हती.

मग रूथबाई खाली वाकल्या, झगा गुडघ्यात खोचला आणि केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या कोवळ्या पिल्लांपैकी दोघांवर बोट ठेवून हाताने कापायची खूण केली. बाबांनी जोरात मान हलवली. नाय, नाय. त्यांनी कापायला एकच पिल्लू दाखवलं आणि बाकी हाताने झाकून धरली. रूथबाईंनी कपाळाला हात लावला, अगदी असल्या माणसापुढे काय करावं असा, आणि बोटं उलगडून मोजायला लागल्या. बाबांचा आवाज चढला. त्यांचाही चढला.

कमळीआत्या हात पुसत बाहेर आली. "काय झालं? कोन ओरडतंय?"

"बाबा आणि त्या. केळीवरून भांडतायत."

आत्याने कपाळावर हात धरून उन्हात थोडा वेळ नीट बघितलं. तिकडे बाबा कोयता मागे लपवत होते आणि रूथबाई तो मागत होत्या.

"भांडू दे," ती म्हणाली, आणि ओट्यावर बसून पाय सोडले. "आता सोयरे झाले."